बारदान आणि बर्फ

जिंतूरजवळच्या नेमगिरीला जाणाऱ्या भाविकांना काळ्या मातीची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन पावसात फुगते आणि तिचा वरचा थर साबणासारखा निसरडा होतो. चिखल टायरच्या खाचांत भरला की चाक जागच्या जागी फिरत राहते.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, श्रावणात, आम्ही सहकुटुंब भाड्याच्या जीपने नेमगिरीच्या दर्शनास निघालो होतो. वाटेत एका आप्तांच्या गावी जाताना कच्च्या रस्त्यावर जीप रुतली. वडिलांची मोंढ्यात आडत होती, त्यामुळे रिकामी बारदाने सोबत असतच. त्यांनी मागच्या दोन्ही चाकांखाली बारदाने सरकवली आणि जीप अलगद बाहेर आली. पुढे ओढा भरून वाहत होता. चालक उत्साहाने म्हणाला, “आता हाही पार करू.” वडील शांतपणे म्हणाले, “बारदानानं चिखलातून काढलं, पाण्यातून काढणार नाही. गाडी वळवा.” त्या दिवशी दर्शन हुकले. मला त्यांचा रागच आला.

त्या बारदानाची आठवण गेल्या जानेवारीत फ्रान्समधील आल्प्स पर्वतात झाली. मुलगा तेथे नोकरीस आहे. १ नोव्हेंबर २०२१ पासून त्या देशातील अनेक डोंगराळ भागांत, ३१ मार्चपर्यंतच्या हिवाळ्यात, मोटारीला हिवाळी टायर तरी हवेत किंवा चाकांना घालायच्या साखळ्या तरी जवळ हव्यात. लोखंडी साखळ्यांऐवजी कापडी कव्हरही चालते. मुलाने डिकीतून तेच काढले. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते, त्या दोन चाकांवर ते वरून मोज्यासारखे ओढायचे, गाडी थोडी पुढे घ्यायची आणि उरलेला भाग चढवायचा. बर्फावरील पाण्याचा पातळ थर कापड शोषून घेते, खरखरीत धागे बर्फाला धरतात आणि चाक घसरत नाही. साखळी जड, गारठलेल्या हातांनी बांधण्यास अवघड, पण खडतर वाटेवर अधिक टिकाऊ. कापड हलके आणि सोपे, मात्र मोकळ्या डांबरावर लवकर झिजते, म्हणून बर्फ संपताच काढावे लागते. वेगही ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो.

आम्ही चढू लागलो. बर्फ दाट होत गेला आणि पुढचा रस्ता दिसेनासा झाला. मुलगा म्हणाला, “बाबा, कव्हर आहे ना, जाऊ हळूहळू.” मागे नातू झोपला होता. मी त्याला आजोबांचे बारदान आणि तो ओढा सांगितला. काही क्षण तो बोलला नाही. पुढच्या वळणावरील मोकळ्या जागेत त्याने गाडी वळवली.

चातुर्मासात आपले साधू-साध्वी जीवदयेसाठी विहार थांबवून एका स्थानी राहतात. आम्हा गृहस्थांना तेवढा संयम साधत नाही. परंतु साधन हाती आले म्हणून वाट सुरक्षित झाली, असे न मानण्याइतका विवेक तरी बाळगता येतो.

त्याच वर्षी कार्तिकात, वाट सुकल्यावर, वडील आम्हाला पुन्हा नेमगिरीला घेऊन गेले. गुहेच्या ठेंगण्या दारातून सर्वांत आधी तेच वाकून आत शिरले. लहानशा पाषाणावर विराजमान अंतरिक्ष पार्श्वनाथांसमोर आम्ही हात जोडले. माझा राग केव्हाच ओसरला होता.

आजही पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डिकीत दोन बारदाने असतात.