अटीवरचं प्रेम

सध्या मला दुसरं काही सुचतच नाही! पार्ले पूर्वेला स्टेशनबाहेर, भाजीवाल्यापाशी, टिळक मंदिराच्या दारात, ओळखीचं कुणीही भेटलं की मी एकच विचारते: होली ब्लॅकचं ‘द क्रुएल प्रिन्स’ वाचलंत का? २०१८ साली आलेली ही कादंबरी भाचीच्या टेबलावर दिसली, सहज उचलली, आणि मी पार बुडाले.

ज्यूड ही साधी माणसाची पोर. तिच्या आईचा पहिला नवरा मॅडॉक हा परीराज्याचा सेनापती. तो तिच्या आईवडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि मुलींना नेऊन स्वतःच्याच वाड्यात वाढवतो. भोवती राजदरबार, मेजवान्या, उंची पोशाख आणि जीवघेणी टवाळी. बालगीतांतल्या नाजूक पऱ्या इथे नाहीत. ही मंडळी देखणी, खानदानी आणि क्रूर आहेत. राजपुत्र कार्डन तर ज्यूडचा नुसता छळ मांडतो, तरीही त्याचं नाव पानावर आलं की छातीत धडधडतं! या मंडळींच्या मोहिनीला बळी पडू नये म्हणून ज्यूड अन्नात मीठ घालून खाते. मीठ! मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्या मला ते वाक्य वाचून शहाराच आला.

खरी गंमत सौद्यांची आहे. या लोकांना खोटं बोलता येत नाही आणि दिलेला शब्द मोडता येत नाही. त्यामुळे शब्द देताना जो पळवाट ठेवतो, तो जिंकतो. एकेक संवाद दोनदा वाचावा लागतो: नक्की काय कबूल केलं? काय गाळलं?

हे वाचता वाचता उर्वशी आठवली आणि मी ताडकन उठून बसले. अहो, हे सगळं आपल्याकडे आहे! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ९५व्या सूक्तात, सोडून गेलेली अप्सरा आणि तिची मनधरणी करणारा राजा समोरासमोर उभे आहेत. तिची गोष्ट शतपथ ब्राह्मणात सविस्तर येते. उर्वशी पुरूरव्याजवळ राहते ती अटी घालून, आणि त्यांतली एक अट अशी की तो तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाशी बांधलेली कोकरं पळवतात. ‘इथे कुणी मर्द नाही का?’ अशा अर्थाचा टाहो ती फोडते. राजा अंगावर वस्त्र घ्यायलाही न थांबता झेपावतो, आणि नेमकी त्याच क्षणी गंधर्व वीज चमकवतात. लख्ख उजेड! अट मोडली, उर्वशी गेली. केवढा निर्दय डाव! राजाचं शौर्यच त्याच्यावर उलटवलं.

कालिदासाने तर ‘विक्रमोर्वशीय’मध्ये हा डाव थेट इंद्राच्या दरबारात नेला. तिथे नाटक चालू असताना उर्वशीच्या तोंडून ‘पुरुषोत्तम’ऐवजी ‘पुरूरवा’ निघून जातं. भरतमुनी शाप देतात. इंद्र सवलत देतो: जा त्याच्याकडे, पण त्याने तुमच्या मुलाचं तोंड पाहिलं की परत ये. नवरा हातचा जाऊ नये म्हणून ती पोटचं पोर आश्रमात लपवते. सांगा, याहून जीवघेणा सौदा कुठल्या कादंबरीत आहे?

आणि गंगा! मी काहीही केलं तरी विचारायचं नाही, ही तिची अट. शंतनू कबूल होतो आणि सात मुलं नदीत जाताना गप्प पाहत राहतो. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये या कुळाची चिरफाड १९६७ सालीच झाली आहे. माणसाच्या बाजूने हे सगळं तपासायला त्यांनी आपल्याला शिकवलं. आता त्याच निर्भयपणे कुणीतरी यातली प्रेमकथा मांडायला हवी.

म्हणून लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘द क्रुएल प्रिन्स’ वाचा, त्यापाठोपाठ उर्वशी वाचा, आणि मराठीत नवी, मोठ्यांसाठीची, धगधगती अप्सराकथा लिहा. दीनानाथ नाट्यगृहात तिचा प्रयोग लागला तर पहिल्या रांगेचं तिकीट माझं!