तांबड्या बादल्या

आमच्या महाविद्यालयाच्या ओसरींत, रसायनशाळेच्या दाराशेजारीं, पूर्वीं चार तांबड्या बादल्या टांगलेल्या असत. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ एवढाच शब्द लिहिलेला होता आणि आंत वाळू असावी असा नियम होता. दरवर्षीं जून महिन्यांत कचेरींतून एक छापील तक्ता येई व त्यांतील ‘तपासलें, ठीक आहे’ या शब्दांखालीं सही करण्याचें काम कांहीं वर्षें आमच्याकडे होतें. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. वाळूशीं आमचा संबंध तो काय? पण समित्यांची वांटणी होत असतां जें ज्याच्या वांट्याला येईल तें त्यानें निमूटपणें पत्करावें, अशी आमच्याकडे रीत आहे. सही आम्हीं नेमानें केली. बादल्यांत मात्र एकदांहि डोकावून पाहिलें नाहीं.

या बादल्यांची आठवण पुन्हां ताजी झाली ती गेल्या दिवाळींत. आमचा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. कारखान्यांतील जाड नळांचे सांधे ध्वनिलहरींच्या साहाय्यानें तपासणें हा त्याचा व्यवसाय. तो समजावून सांगतांना म्हणाला, “सर, आजी बाजारात मडकं टिचकी मारून घ्यायची ना, तसंच. आमचं मडकं पोलादाचं असतं आणि आवाज कानाला ऐकू येत नाही, इतकाच फरक.” मग फराळाचें ताट बाजूस सारून त्यानें आम्हांस फ्रान्समधील अणुभट्ट्यांची जी हकीकत सांगितली, ती त्याच्या धंद्यांतील लोकांच्या तोंडीं आतां पुराणकथेसारखी झाली आहे.

अणुभट्टी ही इतर चुलींसारखी नसते. चुलींतील लांकडें बाहेर ओढलीं कीं ती निवूं लागते. पण अणुभट्टींतील विखंडन थांबविलें तरी त्या क्षणीं तिच्या पूर्ण शक्तीच्या सुमारें 6 ते 7 टक्के उष्णता उत्पन्न होतच राहते आणि ती हळूहळू ओसरते. म्हणून मुख्य नळ फुटून पाणी निघून गेलेंच, तर दुसऱ्या वाटेनें भट्टीच्या गाभ्यांत पाणी घालणारी एक स्वतंत्र व्यवस्था सज्ज ठेवावी लागते. बहुतेक भट्ट्यांच्या उभ्या आयुष्यांत अशा अपघातासाठीं तिला धांवून जावें लागत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें शहाणपण आपल्याकडे पोराटोरांसहि ठाऊक आहे. ही विहीर आधींच खणलेली असते. प्रश्न इतकाच कीं, तिचा रहाट मधून मधून कोणी फिरवून पाहतो काय? तें पाहण्याची सवड भट्टी इंधन पालटण्यासाठीं थांबविलेली असते तेव्हां मिळते. फ्रान्समध्यें हा प्रसंग साधारणतः 12 ते 18 महिन्यांनीं येतो व दर दहा वर्षांनीं मोठी तपासणी होते.

2021 सालीं सिव्हो येथील पहिली भट्टी अशा मोठ्या तपासणीसाठीं बंद होती. उष्णतेच्या चढउतारानें पोलाद थकून भेगा पडतात. त्या शोधण्यासाठीं संकटकालीन पाण्याच्या नळांचे सांधे ध्वनीनें तपासले जात होते. तेथें अपेक्षा नसतां प्रतिध्वनि उमटले. ते नक्की कशाचे हें ठरविण्यासाठीं नळाचे तुकडे कापून प्रयोगशाळेंत नेले, तेव्हां भलताच रोग निघाला. ताण आणि गंज यांनीं हातांत हात घालून पोलादाच्या कणाकणांच्या सीमेवरून आंत वाट काढली होती. या जातीच्या पोलादाला तेथील पाण्यांत असें सहसा होत नाहीं, अशी जाणत्यांची समजूत होती. नवल असें कीं, सिव्हो आणि शो येथील चार भट्ट्या त्या देशांतील चालू भट्ट्यांमध्यें सर्वांत नव्या आणि सर्वांत बलाढ्य होत्या. त्यांच्या नळांची ठेवण अशी होती कीं, आंत ऊन व गार पाण्याचे थर साचून सांध्यांवर ताण येई.

आतां पुढील भाग. भेगा प्रथम सांपडल्या त्या एका भट्टींत. पण डिसेंबर 1921 चें जुनें युग तें नव्हे, 2021 च्या डिसेंबरांत, ऐन थंडींत, विजेची ओढ असतांना, शो येथील दोन्ही भट्ट्याहि थांबविण्याचें ठरलें. इतर ठिकाणच्या जुन्या तपासण्यांच्या नोंदी पुन्हां काढून वाचण्यांत आल्या. पुढील वर्षीं युक्रेनच्या युद्धानें युरोपांत इंधनाची टंचाई झाली, आणि त्याच 2022 सालीं फ्रान्सचें अणुविजेचें उत्पादन 279 टेरावॉट-तासांपर्यंत उतरलें. कित्येक दशकें शेजाऱ्यांस वीज विकणारा देश त्या वर्षीं विकत घेणारा झाला. भेगांमुळें एकहि नळ फुटला नव्हता, कोणास इजा झाली नव्हती. तरीहि ही किंमत मोजली गेली. ‘आजवर कांहीं झालें नाहीं’ हें वाक्य तेथें कोणाच्याच मनांत आलें नसेल असें नाहीं.

आणि 2023 च्या मार्चांत पाँली येथील पहिल्या भट्टीची बातमी प्रसिद्ध झाली. तेथील तशाच एका नळाच्या सांध्यांत 155 मिलिमीटर लांबीची भेग सांपडली. नळाची जाडी 27 मिलिमीटर आणि भेगेची खोली 23! त्या नळाची ठेवण निर्धोक मानली गेली होती. पण बांधणीच्या वेळीं तो सांधा दोनदां दुरुस्त केलेला होता, व त्या दुरुस्तीचा ताण आंत दबून राहिला असावा असा तर्क निघाला. उरलें तें अवघें चार मिलिमीटर अंतर.

आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, भेग शोधणं अवघड नाही. सगळे भट्टी सुरू करायला खोळंबलेले असतात, आणि तेव्हा कागदावर ‘शंका आहे’ असं लिहायचं, ते अवघड.” हें ऐकून आम्ही गप्प झालों. त्याला वाटलें, विषय रुक्ष झाला.

त्याला ठाऊक नव्हतें तें असें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका दुपारीं रसायनशाळेंत स्पिरिट सांडून टेबलानें पेट घेतला. शिपायानें धांवत जाऊन पहिली बादली उपडी केली. तींतून गुठळी झालेली मूठभर वाळू, कागदाचे बोळे आणि पानाचीं थोटकें पडलीं. दुसरी रितीच होती. अखेर त्यानें भिजविलेलें पोतें टाकून आग विझविली. त्यांत त्याचा उजवा तळहात भाजला. संध्याकाळीं तक्ता मागविण्यांत आला. त्यावर आमची सही होती, वळणदार, शाई न फुटलेली. ‘वाळू मध्यंतरीं कोणी काढून नेली असावी’ असा शेरा मारून प्रकरण मिटलें. तो शेरा आमच्यादेखत लिहिला गेला, आणि आम्ही बोललों नाहीं.

तो शिपाई आतां सेवेंतून निवृत्त झाला आहे. कधीं महाविद्यालयांत आला म्हणजे आम्हांस हटकून भेटतो व दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. उजव्या तळहाताची कातडी ओढल्यासारखी दिसते. बादल्या जाऊन त्यांच्या जागीं आतां तांबडीं नळकांडीं आलीं आहेत. ती सही कोणाची होती, हें त्यानें आजवर विचारलें नाहीं. आतां भेटेल तेव्हां त्यानें न विचारतां सांगावें, असें आम्हीं ठरविलें आहे.