पाहुणे परतल्यावरचे पिल्लू

भाद्रपदात वाडीवर कुत्र्यांची झोंबाझोंबी सुरू झाली की पुढचे पंचांग आपोआप मांडले जाते. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. म्हणजे कार्तिकाच्या सुमारास कुठल्यातरी मांगरात, पेंढ्याच्या आडोशाला पिल्ले होतात आणि आठ आठवड्यांची, आईपासून वेगळी करण्याजोगी होतात ती बहुधा नाताळच्या आगेमागे. वालावलसारख्या कर्लीकाठच्या गावात हेच दिवस वर्दळीचे. लक्ष्मीनारायणाच्या तळीवर पाहुणे, खळ्यात मुंबईहून आलेली मुले, रात्री जत्रेतल्या दशावताराला निघायची गडबड. अशात कुणीतरी पिल्लू उचलून घरी आणतो. त्यामागे माया असते, यात शंका नाही. तरी मला ठामपणे वाटते की ते चार दिवस थांबावे आणि पाहुणे परतल्यावर, घर आपल्या रोजच्या चालीवर आले की पिल्लाने उंबरा ओलांडावा.

कारण पिल्लू घर शिकते ते पुनरावृत्तीने. आईची ऊब आणि भावंडांचा वास सुटलेल्या जिवाला आधार काय, तर तेच गोणपाट, तोच कोपरा, ठरल्या वेळी पेज घालणारे तेच माणूस. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच परसात नेले की आठवडा-दोन आठवड्यांत ते जागा ओळखू लागते; त्यासाठी घरातल्या एकाचे लक्ष सतत हवे. सुट्टीत नेमके हेच मिळत नाही. पिल्लू दहा हातांत फिरते. एकजण बांगड्याचे काट्यासकट डोके टाकतो, दुसरा चॉकलेट भरवतो, तिसरा मनुका. चॉकलेट कुत्र्याला विषारी, मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि ज्या मुलाच्या कुशीत ते झोपायला शिकले, ते मूल सुट्टी संपताच कुडाळला गाडीत बसते. आईपासून तुटलेल्या पिल्लाची ही पंधरवड्यातली दुसरी ताटातूट.

यावर जाणता माणूस म्हणेल, पिल्लाला लहानपणीच माणसांची सवय लागायला हवी, मग गर्दी चांगलीच की. आक्षेप बिनबुडाचा नाही. फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी 1961 मध्ये दाखवले की 14 आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर ठेवलेली पिल्ले पुढे माणसाळवणे फार कठीण जाते. पण त्याच प्रयोगात योग्य वयात केवळ आठवडाभर, तोही दिवसातला थोडाच वेळ, माणसाचा सहवास मिळालेली पिल्ले माणसाळली. म्हणजे गरज सहवासाची आहे, गलक्याची नाही. दमलेल्या पिल्लाला उठवून खेळवणे, कानाशी फटाका लावणे, यातून ओळख वाढत नाही, धास्ती बसते. आणि या वयातली धास्ती चिवट असते. शेजारची काकू रोज खळ्यात येऊन दोन मिनिटे बसली, तरी तिचा उपयोग वीस पाहुण्यांपेक्षा जास्त.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो: एवढे लाड कशाला, आमचे कुत्रे असेच वाढले. वाढले ते डोळ्यांसमोर आहेत, गेलेले कुणी मोजत नाही. पश्चिम बंगालमधल्या मोकाट पिल्लांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रजननाच्या वयापर्यंत जगली ती जेमतेम 19 टक्के, आणि बरेचसे मृत्यू माणसामुळे झालेले. आपल्याकडे वर बिबट्याची भीती. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तेव्हा पिल्लाला रात्री खळ्यात बांधणे म्हणजे काटकपणा शिकवणे नव्हे. ते पडवीच्या आत, दार लावून, माणसाच्या श्वासाच्या टप्प्यात झोपावे. पहिल्या दोन-तीन रात्री रडेल, जवळ हात ठेवला की थांबेल. हा हात पुढेही घरातच राहणाऱ्याचा असावा, बहुधा आजीचा किंवा भावजयीचा. तिला विचारल्याशिवाय पिल्लू आणूच नये, कारण उद्यापासून पेज तिलाच घालायची आहे. मुलांना वाईट वाटेल, पण त्यांनी मांगरात जाऊन आईजवळची पिल्ले लांबून पाहावीत, नाव ठरवावे, आणि निवड आजीवर सोपवावी.

पार्व्होची पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना, नंतर ठरावीक अंतराने पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांनंतर. जानेवारीत घरी आलेल्या पिल्लाचे हे सगळे शिमग्याच्या सुमारास उरकते. मग चाकरमानी पुन्हा येतात तेव्हा पिल्लाला आपले घर, आपले माणूस आणि लपायची आपली जागा ठाऊक झालेली असते. त्या मुलांनी तेव्हा त्याला खुशाल खेळवावे. ढोल दारात आला की मात्र आत न्यावे.