उठण्याचा नियम

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. तो बाहेर जाऊन बसतो. त्याच्या बाजूच्या कुणी समोरचा गडी मारला की हा उठतो आणि पुन्हा मैदानात येतो. रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून हा नियम पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो. दुसऱ्याच्या पराक्रमाने आपण जिवंत व्हावे, ही कल्पना मला मोठी गोड वाटते.

गुडघ्याला मात्र हा नियम लागू नाही. माझ्या पुतण्याच्या गुडघ्यातला पुढचा बंध एका पकडीत तुटला. पाऊल मातीत रुतलेले राहिले आणि अंग तेवढे वळले. शस्त्रक्रियेत त्याच्याच मांडीमागची कंडरा काढून तिथे बसवली. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगे, "आता स्वस्थ पडून राहा हो." फिजिओथेरपीच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला कामाला लावले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, पाच मोजायचे आणि सोडायचे. पाहणाऱ्याला वाटावे, पोरगा नुसता लोळतो आहे! पण न वापरलेली मांडी थोड्याच दिवसांत बारीक होऊ लागते. तिला जागे ठेवणे हेच पहिले औषध. आमच्याकडे तेल कोमट करून चोळणारे हात घरोघर असतात आणि त्या हातांनी बरेही वाटते. पण मालीश दुसऱ्याने करायची असते. हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबले, सूज उतरली. खरी गोम इथेच होती. बसवलेली कंडरा नव्या जागी रुजताना, तिच्यात रक्त खेळू लागेपर्यंत, आधी कच्ची पडते. म्हणजे दुखणे जाते, तेव्हाच दोरी नाजूक असते. त्यातच दिवाळी सरली आणि गावोगाव सामने सुरू झाले. गडी बोलवायला दारात येत. "काका, एकच चढाई," तो म्हणे.

बाई ठाम होत्या. निदान ९ महिने, आणि एका पायावरच्या उडीत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी गेला पाहिजे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की नवव्या महिन्यापर्यंत खेळणे जितके लांबवावे, तितके दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. या हिशेबात पंचाशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

ते सगळे महिने त्याने पडवीच्या पायरीवर काढले. दिवेलागणीला तो चढे-उतरे आणि वहिनी भाजी निवडता निवडता मोजत. शिटी नाही, टाळी नाही, पाहायला गर्दी नाही. त्याला उठवणे आमच्यापैकी कुणाच्याही हातात नव्हते. मोजणे तेवढे होते. कंटाळून तो एकोणतिसावर थांबे. वहिनी मान वर न करता म्हणत, "एक राहिली रे."

आणि तो ती एक पुरी करी.