धाव

टायरच्या दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. दुकान त्याचं नसावं. मालकाच्या नात्यातला कुणी असेल, किंवा नुसता सावलीला टेकलेला. मी गाडी लावली तसा तो उठला, पुढच्या डाव्या चाकाशी वाकला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळहात टायरवरून फिरवत म्हणाला, "धाव सरली की ओ हिची."

काउंटरवरचा पोरगा त्याच गोष्टीला ट्रेड म्हणत होता. आमचा मेकॅनिक नक्षी म्हणतो, पंक्चरवाला सरळ टक्कल पडलं म्हणतो. धाव हा शब्द मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. ज्याने तो उच्चारला त्याला त्याचं काहीच नव्हतं, तो परत खुर्चीत जाऊन बसला. माझं अर्धं लक्ष मात्र तिथेच अडकलं, आणि उरलेल्या अर्ध्या लक्षात मी चार टायर विकत घेतले.

गाडी लहान आहे, लाल आहे. पोलो जीटी. बाराशे सीसीचं इंजिन, १०५ अश्वशक्ती, आणि जन्म चाकणचा, म्हणजे नगरहून दोन-अडीच तासांवरचा. २०२२ साली कंपनीने भारतात पोलो बनवणंच थांबवलं, तेव्हापासून मी तिच्याकडे जरा जास्तच मायेने बघतो. पन्नाशीनंतर असली गाडी हाकणाऱ्याला घरात फार मान मिळत नाही. बायको तिला 'तुमचं तट्टू' म्हणते.

तट्टाचे नाल १८५/६० आर १५ या मापाचे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. पंधरा हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पुढे एक अक्षर असतं वेगमर्यादेचं. एच म्हणजे ताशी २१०. नगर-मनमाड रस्त्यावर ज्याने पावसाळ्यात गाडी घातली आहे त्याला हा एच 'हळू'चा वाटेल.

"काका, सोळाचे अलॉय टाका, वर २०५/५०. गाडी कशी बसल्यासारखी दिसते बघा," पोरगा म्हणाला. मी मनात गुणाकार केला. माझ्या टायरची भिंत १११ मिलिमीटर, त्याच्या टायरची १०२.५. साडेआठ मिलिमीटर गेले. अर्धं बोट. एवढ्याने काय होतंय, असं तो म्हणाला, आणि तिथे माझ्या उरलेल्या लक्षाचीही वाट लागली, कारण एवढ्याने काय होतं हे मी पाहिलेलं होतं.

माझं आजोळ पाथर्डी तालुक्यात, करंजी घाटाच्या पलीकडे. उन्हाळा लागला की तिथे गाडीचं चाक बोलायला लागे. बाभळीचं लाकूड सुकून आत जातं, लोखंड आहे तिथेच राहतं. मधे फट पडते आणि दर दगडाला धाव खडखडते. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेलं लोखंडी कडं, बैलगाडीचा टायरच म्हणा. गावातले काही जण चाकं ओढ्यातल्या डबक्यात भिजत टाकून महिना ढकलायचे. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ही भिजवाभिजवी पसंत नव्हती. आजारी माणसाला नुसतं पाणी पाजून भागतं का, म्हणायचे, आणि लोहाराला निरोप जायचा.

लोहार चाक भुईवर आडवं निजवून त्याच्या कडेने दोरी फिरवायचा. मग तीच दोरी धावेला आतून लावायची. ढिली झालेली धाव तोडून तिचा तुकडा काढायचा आणि टोकं पुन्हा जोडायची. तुकडा असा काढायचा की कड्याचा घेर चाकाच्या घेरापेक्षा दीड बोट कमी भरला पाहिजे. मला हे अजिबात पटत नसे. मोठ्या डोक्यावर लहान टोपी? मी विचारलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "बामनाच्या मुहूर्तावानी हाये ते. वेळ आली का बसतं."

मग कडं दगडांवर ठेवून त्याच्याभोवती गोवऱ्या रचायच्या. आजीला हे बघवत नसे. महिनोन् महिने थापलेल्या गोवऱ्या एका सकाळी जळून जायच्या. ती त्या दिवशी मुद्दाम विहिरीवर धुणं घेऊन जायची. धूर आधी पांढरा निघे, मग विरळ होई, मग नुसती झळ. तिच्यातून पलीकडचा गोठा पाण्यातल्यासारखा हलताना दिसे. कडं आधी काळं, मग गाजरासारखं. तीन गडी तीन बाजूंनी सांडशा लावून ते उचलायचे आणि एकदम, अगदी एकदम, चाकावर सोडायचे. दीड बोट कमी असलेलं कडं आता तापून फुगलेलं असे आणि अलगद बसे. त्याच क्षणी चाक पेटे. खरोखर पेटे, कडेने ज्वाळा निघत. घणाचे चार ठोके, इकडे दाब, तिकडे दाब, आणि लोहार ओरडे, "पानी!"

पाण्याचं काम आम्हा पोरांचं. माझ्या हातात तांब्याच असायचा, घागरी मोठ्यांकडे. चर्र करून वाफेचा लोट उठायचा. जळकी बाभूळ, शेण आणि ओलं लोखंड यांचा मिळून एक वास यायचा, त्याला नाव नाही. आणि त्यानंतर तो आवाज, ज्याच्यासाठी मी सकाळची भाकरी सोडून उभा राहिलेला असायचो. कडं आवळत जायचं, एकेक आरा तुंब्यात आणखी आत रुतायचा आणि आख्खं चाक दात खाल्ल्यासारखं कर्रकर्र करायचं. मिनिटभर. मग शांत. आबा चाक उभं करायचे आणि मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतात तसे एकेक आरा वाजवून बघायचे.

दीड बोटाऐवजी दोन बोटं धरली तर? "आरे मोडत्यात," लोहार म्हणाला होता. आणि एकच बोट? "मंग घाटात धाव म्होरं जाती, गाडी मागं ऱ्हाती."

पुढे टायरगाड्या आल्या. आमच्या जिल्ह्यात हा शब्द ऊसतोडीवाल्यांच्या तोंडी असतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला, त्यामागून जिल्हाभर धुराडी उभी राहिली, आणि उसाने शिगोशीग भरलेल्या रबरी चाकांच्या बैलगाड्या रस्तोरस्ती दिसू लागल्या. आमच्या आजोळचे कितीतरी लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन तिकडे जायचे. बैलांना ओढायला टायरगाडी हलकी. आबांना ती आवडली नाही. आवाजच नाही, म्हणायचे. दारात गाडी आली हे कळायचं कसं?

लोखंडी धाव जेमतेम तीन बोटं रुंद, ती रस्ता कापत जायची, म्हणून तर मराठीला चाकोरी मिळाली. रबराचं गणित वेगळं. माझ्या गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास. चाकामागे पावणेतीनशे. बत्तीसची हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की साधारण १२० चौरस सेंटीमीटर येतात. म्हणजे तळहात. माझं तट्टू १०५ घोडे घेऊन चार तळहातांवर चालतं. म्हाताऱ्याने तळहातच फिरवला होता.

चाकांच्या बाबतीत आमचं शहर (आता अहिल्यानगर, पण पाटीवर एमएच १६ तेच) तसं गर्विष्ठ आहे. वाहननगरच्या व्हीआरडीईत लष्कराच्या गाड्यांची परीक्षा होते. १९७२ साली निघालेल्या लूनावाल्या कायनेटिकचं नाव इथल्या चौकाला आहे. १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे गेलं की वाटतं, हे बरं, पट्टा घातला की टायरची कटकट नाही. नकाशा बघा, टायरचे कारखानेही आमच्याभोवती रिंगण करून बसलेत: वाळूजला गुडइयर, नाशिकला सिएट, चाकणला ब्रिजस्टोन. यातल्या कुणाचा घेतला ते सांगत नाही, उगाच कुणाची जाहिरात नको. १८५/६०च घेतले, एच अक्षराचे, जरा मऊ रबराचे. मऊ रबर लवकर झिजतं, कबूल. पण कडक रबर पहिल्या पावसात, रस्त्यावर उसाचं पाचट आणि शेतातून ट्रॅक्टरने आणलेला चिखल असताना, ओळख दाखवत नाही. रुंद टायरचा शौक मला नाही. अरुंद टायरवरची गाडी स्टिअरिंगमधून बोलते, रुंदवाली नुसती हुकूम ऐकते.

बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे मात्र बघून घेतले. आठवडा आणि वर्ष. ३८२३ असेल तर २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. पोरगा म्हणाला, "काका, पत्रिका बघताय का?"

डिकी उघडली तर स्टेपनी तशीच, कोरी. वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाकाची युक्ती निघाली, ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रजांनी तो शब्द केव्हाच टाकला, आपण मात्र जपून ठेवला आहे. गाडी घेतल्यापासून माझ्या स्टेपनीने जमिनीला अंग लावलेलं नाही. शिर्डी, शिंगणापूर, मोहटादेवी, माळशेज, सगळीकडे मात्र आली. आबांच्या गाडीखाली वंगणाचा नळा लटकायचा, त्याची आठवण झाली. गाड्याबरोबर नळ्याला यात्रा.

म्हाताऱ्याने ती दाबून पाहिली. "हिची धाव हाये," म्हणाला, "पन रबर म्हातारं झालं."

घरी आलो तर बायको लिंबं घेऊन दारात उभी. मी म्हणालो, गाडी जुनीच आहे, नुसते टायर नवे. ती म्हणाली, जमिनीला कोण लागतं, गाडी का टायर? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी हातभर पुढे घेतली, फाट फाट असे चार आवाज आले. मग ती डिकीशी गेली आणि पाचवं लिंबू स्टेपनीच्या खोबणीत ठेवून दिलं, न फोडता. परवा माळशेजला जाताना वळणावळणाला ते मागे गडगडत होतं.