टेस्टिंगच्या रकान्यात तीनच चिठ्ठ्या

टेस्टरच्या वाट्याला स्प्रिंटचे किती दिवस येतात? कागदावर दोन आठवडे. प्रत्यक्षात आमच्याकडे शेवटचा दीड दिवस यायचा. पहिला आठवडा मी आणि माझी जोडीदार जुन्या टेस्ट केसेस चाळत, "बिल्ड कधी देतोस रे?" असं दहा जणांना विचारत काढायचो. मग दुसऱ्या बुधवारी दिवेलागणीला सगळ्या स्टोऱ्या, म्हणजे कामाचे छोटे तुकडे, एकदम अंगावर यायच्या आणि शुक्रवारी दुपारी डेमो असायचा. डेव्हलपरांच्या लेखी काम कधीच संपलेलं असायचं. पंगतीत भात सगळ्यांच्या पानांवर पोचावा आणि वरण अजून चुलीवरच असावं, तशी गत. जे तपासून व्हायचं नाही ते पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जायचं, आणि अहवालात कारण ठरलेलं: 'टेस्टिंग पेंडिंग'.

हे हिंजवडीतल्या एका कंपनीतलं. इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं पॉलिसी नूतनीकरणाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळत होतो. वरून आदेश आला की आता अजाइल पद्धतीने काम करायचं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, ही गोष्ट तिथे कळली. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. ट्रेनरने चार मूल्यं घोटून घेतली आणि बारावं तत्त्व जेवणाची वेळ झाली म्हणून गुंडाळलं. संघाने ठरावीक काळाने थांबून आपण कसं काम करतोय ते पाहावं आणि त्यानुसार आपल्या वागण्यात बदल करावा, असं ते तत्त्व आहे. माझ्या मते बाकीची अकरा नंतर शिकवली तरी चालतील.

विधी मात्र आम्ही पटापट उचलले, तेही अजाइलच्या स्क्रम या प्रकाराचे. भिंतीवर निळ्या चिकटपट्टीचे रकाने आखले, त्यात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. एसीच्या झोताने त्या गळून पडायच्या, मग हाउसकीपिंगच्या मावशी त्या गोळा करून अंदाजाने कुठल्याही रकान्यात लावायच्या. एकदा माझी एक स्टोरी अशीच रातोरात 'डन' झाली होती. रोजचा स्टँडअप उन्हाळ्यात अडीचला आणि हिवाळ्यात साडेतीनला, कारण इंग्लंडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. त्यात प्रत्येक जण मॅनेजरसरांकडे तोंड करून काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काही नाही, हे म्हणून दाखवायचा. अडचण कुणालाच कधी नसायची. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून हे तीन प्रश्न २०२० साली काढून टाकले, तेव्हा मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

पॉइंटांचं प्रकरण तर विचारू नका. प्रत्येक स्टोरीला एक, दोन, तीन, पाच, आठ असे आकडे द्यायचे, तेही सगळ्यांनी एकदम पत्ते उघडून. एकाचं ऐकून दुसऱ्याने आकडा सांगू नये, म्हणून जेम्स ग्रेनिंगने २००२ साली हा पत्त्यांचा खेळ मांडला. खेळ चांगला आहे. एकाने दोन आणि दुसऱ्याने आठ दाखवला की त्या फरकावर जे बोलणं होतं, तेच खरं कामाचं. पण आमच्याकडे कुणीतरी आमची आणि शेजारच्या टीमची बेरीज एकाच तक्त्यावर मांडली. पुढच्याच महिन्यात आमच्या तीनच्या स्टोऱ्या पाचच्या झाल्या आणि त्यांच्या पाचच्या आठच्या. दोन्ही टीमची 'प्रगती' वाढली, काम होतं तेवढंच. पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत आणि तसं असेल तर माफ करा, असं रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

या सगळ्यात सर्वांत निकामी होती ती रेट्रो, म्हणजे बाराव्या तत्त्वासाठीचीच बैठक. काय चांगलं झालं, काय नाही, काय बदलायचं असे तीन रकाने. पहिल्यात 'टीमवर्क', दुसऱ्यात 'कॉफी मशीन बंद', तिसरा रिकामा. सर कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेले असायचे. त्यांच्यासमोर बिल्ड उशिरा मिळतं म्हणणं म्हणजे एखाद्याचं वार्षिक मूल्यांकन बिघडवणं. कोण बोलणार?

आमची स्क्रम मास्टर वयाने माझ्याहून लहान, नुकतीच बढती मिळालेली. एका शुक्रवारी ती सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, पुढच्या रेट्रोला तुम्ही नका येऊ."

"का? मी काय खातो का कुणाला?"

"नाही सर. पण तुम्ही असलात की कुणी बोलतही नाही."

सर दोन दिवस घुश्शात होते. पण आले नाहीत, आणि नंतर कोण काय म्हणालं हे कुणाला विचारलंही नाही. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुस्तकांत अशा वेळी 'मानसिक सुरक्षितता' वगैरे मोठे शब्द येतात. आमच्यापुरती ती एक खुर्ची रिकामी होण्यात होती.

त्या रेट्रोत स्क्रम मास्टरने कुणालाच बोलू दिलं नाही. आधी गप्प बसून चिठ्ठ्या लिहायच्या, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या लावल्यावर दिसलं की वेगवेगळ्या अक्षरांत बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: टेस्टचा डेटाबेस रोज रात्री नव्याने भरला जातो आणि आम्ही दिवसभर तयार केलेल्या पॉलिसी पुसल्या जातात. प्रत्येकाला हे ठाऊक होतं. प्रत्येकाने आपापला जुगाड शोधला होता. मी रोज सकाळी एक्सेलमधून त्याच पॉलिसी पुन्हा भरायचे, एक डेव्हलपर स्वतःच्या मशीनवर चोरून प्रत ठेवायचा. हा सगळ्या टीमचा त्रास आहे हे भिंतीवर पाहिल्यावरच उमगलं.

तिने दुसरा नियम घातला: एका रेट्रोतून एकच काम निघेल, आणि ते बाकीच्या स्टोऱ्यांसारखं चिठ्ठीवर लिहून पुढच्या स्प्रिंटच्या फळ्यावर लागेल. आधीच्या रेट्रोंची कामं मेलने जायची आणि मेलमध्येच राहायची. डेटाबेसचं काम फळ्यावर आलं, एका मुलाने स्क्रिप्ट लिहिली आणि आमचा डेटा रात्री वाचू लागला.

एक गोष्ट खरोखर सुधारली म्हटल्यावर लोकांचे हात सुटले. पुढच्या रेट्रोत माझ्या जोडीदारणीने लिहिलं, 'बुधवारी आम्हाला मारू नका.' अक्षर सगळ्यांना ओळखू आलं. हसणं झालं, मग वादही झाला. डेव्हलपर म्हणाले, टेस्टर वाढवा. तेव्हा स्क्रम मास्टरने डेव्हिड अँडरसनची गोष्ट सांगितली. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी कारखान्यात रुजवलेली कानबान पद्धत अँडरसनने सॉफ्टवेअरच्या कामात आणली. आणि त्याची सुरुवातीची टीम होती मायक्रोसॉफ्टची, हैदराबादची! २००४च्या सुमाराची गोष्ट. तिथे येणाऱ्या प्रत्येक मागणीचा अंदाज बांधण्यातच वेळ खर्ची पडत होता. तो उद्योग थांबवला, एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा घातली, आणि महिनोन्‌महिने रखडणारी कामं आठवड्यांत बाहेर पडू लागली. हैदराबाद म्हटल्यावर 'ते तिकडे अमेरिकेत चालतं' म्हणायची सोय उरली नाही.

मग ठरलं की टेस्टिंगच्या रकान्यात तीनच चिठ्ठ्या. दोघींच्या हातात एकेक आणि एक रांगेत. चौथी लावायला जागाच नाही, कारण स्क्रम मास्टरने रकाना पट्टी लावून तेवढाच छोटा केला होता. रकाना भरलेला असेल तर डेव्हलपरने नवीन काम उचलायचं नाही, टेस्टिंग मोकळं करायला यायचं.

पहिला अडकला तो आमचा सगळ्यांत अनुभवी डेव्हलपर. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला तोच कुरकुरत. "मी टेस्टिंग करत बसलो तर रिझ्युमेत काय लिहू, ताई?" मी म्हटलं, "ते नंतर बघ, आधी ही पॉलिसी २९ फेब्रुवारी २०१६ला सुरू कर." त्याने केली. मग नूतनीकरणाचं बटण दाबलं. प्रोग्रॅम २९ फेब्रुवारी २०१७ शोधायला गेला आणि पडद्यावर लालभडक एरर. तो कोड त्याच्याच हातचा. एरवी यावर मी डिफेक्ट लिहिला असता, तो 'असं कुणी करतं का' म्हणून परत आला असता, मी स्क्रीनशॉट जोडला असता, आणि आठवडा गेला असता. इथे त्याने दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि विचारलं, "पण बरोबर काय? २८ फेब्रुवारी की १ मार्च?" मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. स्टँडअपला इंग्लंडमधल्या प्रॉडक्ट ओनरला विचारलं, तर तिलाही तिच्या कायदा विभागाला विचारावं लागलं.

यातून आमची सर्वांत टिकलेली सवय लागली. कोड लिहायच्या आधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि एक टेस्टर असे तिघं अर्धा तास बसून खरीखुरी उदाहरणं लिहू लागलो: अमुक तारखेची पॉलिसी, हप्ता थकलेला, ग्राहकाने पत्ता बदललेला, तर काय व्हायला हवं? गोइको अजिच यांचं 'स्पेसिफिकेशन बाय एक्झाम्पल' हे पुस्तक याच पद्धतीवर आहे. ते आमच्या हाती नंतर पडलं. पुढे हीच उदाहरणं आपोआप चालणाऱ्या चाचण्या झाल्या आणि सकाळी जुन्या केसेस चाळायचं माझं काम सुटलं.

सगळंच जमलं असं नाही. दोघांनी मिळून एका मशीनवर कोड लिहायचा प्रयोग आठवड्यात बारगळला. दोन माणसं एका कामावर का, याचं उत्तर बिलिंग पाहणाऱ्यांना देता येईना. मर्यादा घातल्यावर आमचे पॉइंटही सुरुवातीला घसरले आणि सरांना वर जाब द्यावा लागला. त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण पट्टी कुणी काढायला लावली नाही.

२०२०च्या मार्चनंतर फळा भिंतीवरून जिरा या सॉफ्टवेअरवर गेला. तिथेही रकान्याला मर्यादा घालता येते, पण चौथी स्टोरी ओढली तर रकाना नुसता लाल होतो, अडवत कुणी नाही. महिनाभर आमचा रकाना लालच होता. शेवटी स्टँडअप माणसांपासून सुरू न करता उजवीकडच्या रकान्यापासून सुरू करू लागलो: आधी टेस्टिंगमधल्या स्टोऱ्या, त्या पुढे सरकायला कोण काय करणार, मग बाकीचं. "काल काय केलं" हा प्रश्न तेव्हापासून कुणी विचारत नाही.

गेल्या रेट्रोत नवीन आलेल्या मुलाने विचारलं, की चाचण्या आता आपोआप चालतात, तर अजून तीनच का, दोन का नाही? जुन्यांपैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. या स्प्रिंटला मर्यादा दोनची आहे. परवापासून दोन डेव्हलपर माझ्या कॉलवर बसून आहेत आणि कुरकुर जोरात चालू आहे.