तुर्रा, कलगी आणि रंगाच्या गोळ्या

कलगी-तुरा म्हटले की मराठी वाचकाच्या कानी डफ-तुणतुणे वाजू लागते. शक्तीची बाजू घेणारे कलगीवाले, शिवाची बाजू घेणारे तुरेवाले आणि रात्रभर रंगलेले त्यांचे सवाल-जवाब, हे चित्र शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपल्यासमोर पुष्कळदा उभे केले आहे. आमच्या देपालपूर तहसिलीत मात्र हेच दोन शब्द उच्चारले की दारूचा वास येतो. पिण्याच्या नव्हे, उडवण्याच्या.

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले गौतमपुरा हे गाव याच तहसिलीत आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याच्या संध्याकाळी, गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलगी अशी दोन दले देवनारायणाचे दर्शन घेऊन मैदानात समोरासमोर उभी ठाकतात. डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्यावर झोळी, आणि झोळीत हिंगोट. हिंगोट म्हणजे हिंगणबेटाचे फळ. आतला गर खरवडून, कवच उन्हात वाळवून त्यात दारू ठासतात, एक तोंड पिवळ्या मातीने बुजवतात आणि उड्डाण सरळ व्हावे म्हणून बांबूची काडी बांधतात. पेटवून फेकला की हा अग्निबाण समोरच्या दलावर जातो. कधी वाट चुकून प्रेक्षकांतही शिरतो. संस्कृतात या झाडाला इंगुदी म्हणतात. कुशाच्या पात्यांनी तोंड चिरलेल्या हरिणशावकाला शकुंतलेने ज्या फळाचे तेल लावले, ते हेच फळ. एकाच फळाने जखम भरावी आणि जखम करावी, हा योगायोग कालिदासाला ठाऊक असता तर त्याने त्याचे काय केले असते, कोण जाणे!

या युद्धात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. भाजलेले मात्र दरवर्षी असतात. २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढेही पोहोचले. आता प्रेक्षकांसाठी जाळ्या उभारतात, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब सज्ज ठेवतात. युद्ध चालूच आहे.

हे सारे सांगण्याचे कारण आमचा भाचा. देपालपूरजवळ आमची पणजोबांपासूनची थोडी शेती आहे. दिवाळीत सारे कुटुंब तेथे जमते आणि गौतमपुऱ्याच्या कथा ऐकतच आमच्या घरची मुले मोठी झाली आहेत. मागच्या दिवाळीनंतर सतरा वर्षांच्या या मुलाने आपल्या आईला सांगून टाकले की पुढच्या पाडव्याला तो जाळीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे असेल. तुर्रा दलातल्या एका मुलाशी त्याची मैत्री झाली होती. ताई रडली. भावोजींनी बंदी घातली. बंदी घातलेल्या गोष्टीची गोडी वाढते हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आम्ही स्वतः त्या वयात काय काय केले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

इंदूरमध्ये एकदा मित्रांबरोबर पेंटबॉल खेळून आलेला असताना तो पाच-सहा दिवस दुसरे काही बोलत नव्हता, हे आम्हाला आठवले. तेव्हा आम्ही त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला. शेतावर आपणच मैदान बांधू. बांधायचे तू, पैसे आमचे, आणि पैसे थोडे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेत झाडांवर व गुरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी एक हवेची पिस्तूल वापरीत. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर येथे बारा जणांनी ती पिस्तुले घेऊन जंगलात एकमेकांचा पाठलाग केला आणि निशाणे पळवण्याचा डाव मांडला. शहरातला चतुर माणूस आणि रानातला जाणता माणूस यांत तगतो कोण, असा त्यांचा मूळ वाद होता. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनपाल, आणि त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही. ही गोष्ट आम्ही भाच्याला मुद्दाम सांगितली. त्याने ती ऐकली आणि गोळ्यांचा भाव विचारला.

कल्पना म्हणून हा खेळ आपल्याला परका नाही. जयपूरचे कारागीर लाखेच्या पातळ कवचात गुलाल भरून गुलालगोटा बनवतात. अंगावर पडताच तो फुटतो. आमच्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत रंगाचे फवारे तिमजली घरांवर पोहोचतात. फरक वेगाचा आहे, आणि पुढे सारा खर्च व सारा वाद त्या वेगापायीच झाला.

प्रथम जागा. गहू निघाल्यावर माळव्याची शेते जूनपर्यंत मोकळी असतात, त्यामुळे भाच्याने विहिरीजवळचे सपाट शेत पसंत केले. आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी, ज्यांना सारा गाव 'बा' म्हणतो, काठी टेकत आले आणि न बोलता ती काठी जमिनीत खुपसली. ती वीतभर आत गेली. उन्हाळ्यात काळी माती अशी भेगाळते की धावणाऱ्याचा घोटा मुरगळलाच म्हणून समजा. मग नाल्याकाठचा बिघाभर मुरमाड तुकडा ठरला, जेथे कधी काही पिकलेच नाही. आमच्याकडे चार बिघ्यांचा एक हेक्टर होतो. म्हणजे पन्नास पावले लांब, पन्नास पावले रुंद अशी जागा सहज मिळाली. बाभळीचे काटे वेचण्यातच दोन दिवस गेले. मैदान दक्षिणोत्तर आखावे, म्हणजे मावळता सूर्य कोणाच्याच डोळ्यांवर येणार नाही, ही सूचनाही बांचीच.

आडोसे फुकट किंवा फुकटाच्या भावात मिळाले. ट्रॅक्टरचे व मोटारींचे झिजलेले टायर दुकानदार आनंदाने देतात. ज्यांतून तारा बाहेर आल्या होत्या तेवढे आम्ही परत केले. बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांत सोयाबीनचा भुसा भरून त्यांच्या भिंती रचल्या. अंगावर कोसळल्या तरी दुखापत होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. निळी पिंपे आडवी ठेवून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. कोणी लाकडी खोकी सुचवली होती. त्यांतले खिळे पाहून नको म्हटले. प्रत्येक टायरला खालून भोके पाडली, नाहीतर पावसाळ्यात आम्ही खेळाचे मैदान नव्हे, डासांचे वसतिगृह चालवले असते.

गाडीवाटेच्या बाजूला जाळी आवश्यक होती. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी आम्ही दुहेरी लावली, मध्ये हातभर अंतर ठेवून, आणि मुद्दाम सैल. ताणलेल्या जाळीला गोळी फोडून काढते, सैल जाळी तिचा जोर गिळते. खात्री करण्यासाठी मागे आमचे एक जुने धोतर बांधून भाच्याने वीस गोळ्या मारल्या. धोतरावर चार-दोन शिंतोडे आले, डाग एकही नाही.

एवढ्यावर आमचा हिशेब इतका आटोपशीर होता की आम्ही मनोमन स्वतःची पाठ थोपटत होतो. मग मुखवटे आले.

बंदुका घेणे आम्हाला परवडण्याजोगे नव्हतेच. इंदूरच्या एका व्यावसायिकाने आठ बंदुका गॅसच्या नळकांड्यांसह दोन दिवसांसाठी भाड्याने देऊ केल्या. सोबत त्याने वेल्डिंगवाले वापरतात तसे चष्मे पुढे केले. म्हणाला, लहान मैदानाला एवढे पुरे. पेंटबॉलची गोळी साधारण १७ मिलिमीटर व्यासाची आणि तीन ग्रॅम वजनाची असते. जिलेटिनचे कवच, आत पाण्याने धुऊन निघणारा रंग. हातात घेतली तर औषधाच्या गोळीसारखी निरुपद्रवी वाटते. पण तिचा मान्य वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. उत्तम वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या दुप्पट! पाठीवर लागली तर काळानिळा वळ उठतो, उघड्या डोळ्यावर लागली तर डोळा जातो. चष्मा निसटतो, बाजूने उघडा राहतो. म्हणून या खेळात कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा व कान झाकणारा, खास या माऱ्यासाठी कसोटीला उतरलेला मुखवटा लागतो. असे आठ मुखवटे आम्ही विकत घेतले. जागा, टायर, जाळी, बांबू, मजुरी व भाडे या सर्वांच्या बेरजेपेक्षा ती रक्कम मोठी होती. वेग मोजण्याचे यंत्र बंदुकांसोबत आलेच पाहिजे, ही दुसरी अट आम्ही घातली, तेव्हा तो गृहस्थ आमच्याकडे, लग्नात सोन्याचा कस तपासणाऱ्या व्याह्याकडे पाहावे तसा पाहू लागला. यंत्र आणले. आठांपैकी दोन बंदुकांचा वेग मर्यादेबाहेर निघाला. त्या जुळवून घेतल्यावरच मैदानात गेल्या.

स्वस्तात मैदान बांधता येते, हे कोणीही लिहील. आमचे म्हणणे एवढेच की बाकी सर्व वस्तूंत जुगाड चालतो. चेहऱ्यावरच्या वस्तूत चालत नाही. ज्याचे अंदाजपत्रक मुखवट्यांपाशी संपते त्याने लगोरी खेळावी. तोही उत्तम खेळ आहे.

मे महिन्यातल्या एका रविवारी, ऊन उतरल्यावर, घरची चार व गावची चार मुले मैदानात उतरली. गोळ्या आम्ही सकाळपासून माठाशेजारच्या गार खोलीत ठेवल्या होत्या, कारण माळव्याच्या उन्हात जिलेटिन मऊ पडते आणि मग गोळी नळीतच फुटते. एका बाजूला तुर्रा, दुसऱ्या बाजूला कलगी अशी नावे भाच्याने फळीवर लिहिली. बांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "ही नावे पुसा. ती खेळण्याची नाहीत." आवाज चढलेला नव्हता. भाच्याने मुकाट्याने पुसली. मग नाल्याकडचे आणि विहिरीकडचे अशीच दोन दले झाली.

तिसऱ्या डावात गावातल्या एका मुलाच्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली आणि त्याने हात वर केला. नियमाप्रमाणे आम्ही शिट्टी वाजवली, सर्वांनी बंदुकांच्या तोंडावर टोप्या चढवल्या, मुलगा जाळीबाहेर आला, काच पुसली, परत गेला. यात पाच मिनिटे गेली. भाचा वैतागला. संध्याकाळी पोत्यांच्या भिंतीवर बसून तो म्हणाला, "मामा, मजा आली. पण यात भीती कुठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. बांनी आपल्या सदऱ्याची डावी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सुरकुतलेली आणि चकाकणारी होती. ते अकरा वर्षे तुर्ऱ्याकडून मैदानात उतरले होते, हे आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

"भीतीसाठी कोणी जात नाही, बेटा," ते माळवीत म्हणाले. "भीती तर शेतातही आहे; साप आहे, वीज आहे. माणूस जातो, कारण त्या संध्याकाळी सारा गाव त्याला नावाने हाक मारतो. एरवी कोण मारतो?" मग थोडे थांबून, "माझी ढाल माझ्या बापाची होती. मुलाला मात्र मी दिली नाही."

का दिली नाही, हे भाच्याने विचारले. बांनी उत्तर दिले नाही. गोळ्यांचा रंग बैलांना बाधत नाही ना, एवढे आम्हाला विचारून ते घरी गेले.

त्यांचे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. गौतमपुऱ्यातल्या युद्धाला अंधश्रद्धा किंवा रानटीपणा म्हणून मोकळे होणाऱ्या शहरी लेखांचा आम्हाला कंटाळा आहे, आणि परंपरेचा शब्द उच्चारून भाजलेल्या माणसाकडे पाठ फिरवणाऱ्यांचाही तितकाच. आमच्या बिघाभर मैदानात मंदिर नव्हते, बापाची ढाल नव्हती, नावाने हाक मारणारा गाव नव्हता. ते टायरांनी आणि पोत्यांनी बांधता येत नाही. मात्र हात वर केला की खेळ थांबतो, हे जे आमच्याकडे होते, ते तिकडे नाही. सतरा वर्षांच्या मुलाला या दोहोंतले काय मोठे वाटावे, हे आम्ही ठरवू शकत नव्हतो. म्हणून आम्ही उन्हाळाभर मैदान चालू ठेवले. बंदुका परत गेल्यावर मुले कापडी पुरचुंड्यांत ओला रंग भरून खेळू लागली. मुखवट्यांचा नियम आम्ही तेव्हाही सैल केला नाही. पुढे पुढे शिट्टी भाच्याच्याच हाती गेली, आणि आम्ही पाहिले की वाफ धरलेली काच त्याला आमच्याआधी दिसत असे.

पाडव्याला तो गौतमपुऱ्याला गेला. बांबरोबर गेला आणि जाळीच्या अलीकडे उभा राहिला. मित्राचा साफा त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिला, असे बांनी सांगितले. रात्री उशिरा परतल्यावर ताईने त्याला जेवायला वाढले. काही विचारू नये असे आम्ही तिला आधीच बजावले होते. त्याने आपणहून एवढेच सांगितले की मित्राचा हात थोडा भाजला आहे, डोळे शाबूत आहेत, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो आपल्या दोन भावांना घेऊन आमच्या मैदानावर येणार आहे.

पुढच्या वर्षी तो स्वतः कोठे उभा राहील, हे त्याने सांगितलेले नाही. आम्ही आणखी चार मुखवटे सांगून ठेवले आहेत. पावसाने पोत्यांतला भुसा कुजला आहे, तोही बदलावा लागेल.